गावच्या शेठजींची पहिली पुण्यतिथी कशी करायची

कृषी केंद्र नाहीतर किराणा चालवता चालवता अर्ध्या गावाच्या अडीनडीला धावलेला माणूस गेला, की वर्षानं चौकात फ्लेक्स लावून लोक मोकळे होतात, तसं नका करू जी.

आधी आठवणी गोळा करा. घरच्यांना तर विचाराच, पण खरी माहिती दुकानातल्या जुन्या हमालाजवळ अन् उधारीवर बियाणं नेलेल्या कास्तकारांजवळ असते, त्यांच्याजवळ निवांत बसा, विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा. उधारीची वही मात्र कोणालेच दाखवायची नाही, त्यात लोकांची नावं असतात, कोणाची लाज जायला नको.

भाषणं दोन-तीनच. "दानशूर होते" म्हणून काही कळत नाही, एक ठोस काम सांगा. वर्ध्याचे जमनालाल बजाज 1942 मध्ये गेले, पण 1928 मध्ये त्यांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं हे अजून सांगतात ना, तसं. घरातला माणूस कसा होता हे लेकीनं नाहीतर सुनेनं बोलावं, त्या नेमकं बोलतात.

रक्तदान ठेवत असाल तर रक्तपेढीशी महिनाभर आधी बोला. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 लागतं, उपाशीपोटी कोणाला बसवू नका अन् उन्हाळा असला तर सकाळीच उरका.

शेवटी सामुदायिक प्रार्थना घ्या, मग आलूभात. वर्गणी उरली तर गावातल्या एखाद्या पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी द्या, तिचं नाव माइकवरून न घेता.