रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी हवा-माती कशी तपासून ठेवायची

गावात रस्ता मंजूर झाला की पहिले नारळ फुटते, मंग जेसीबी येते, आन् सहा महिन्यानं लोकं म्हणतात की कपाशीवर फुफाटा बसला, विहिरीच्या पाण्याले डिझेलचा वास येऊन राहिला. पण आधी काय होतं ते कोणीच मोजलेलं नसते, त्यामुळे भांडण तिथंच संपते. २००६ च्या ईआयए (कामाआधी पर्यावरणावर होणारा परिणाम तपासायच्या) नोटिफिकेशनमधे रस्ते म्हणजे नॅशनल आणि स्टेट हायवेची ठरावीक मोठी कामंच येतात, आपला गावरस्ता किंवा पांदण रस्ता त्यात नाही, म्हणून हे आपल्यालाच करावं लागते. मी काही वर्षं एका लॅबसाठी सॅम्पल गोळा करत फिरलो, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिले काही मोजू नका, फक्त फिरा. रस्त्याची आखणी जिथून जाणार तिथून पायी चाला, सोबत गावातला एखादा म्हातारा माणूस घ्या, कारण जुन्या गोष्टी नकाशात नसतात. फवारणीचे पंप कुठं धुवायचे, खत-औषधाचं जुनं गोडाऊन कुठं होतं, ट्रॅक्टरचं ऑइल कुठं सांडते, वीटभट्टी कुठं होती, कोणी खड्डा बुजवायला औष्णिक केंद्राची राख आणून टाकली होती का, हे सगळं त्यालाच माहीत. जुनाच रस्ता रुंद होणार असेल तर त्याच्या कडेची माती वेगळी बघा, भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं मातीतून सहजासहजी जात नाही. अशा प्रत्येक जागेचा मोबाइलवर लोकेशनसकट फोटो काढून ठेवा.

आता माती. इथं एक मोठा गैरसमज आहे, लोकं म्हणतात आमच्याकडे सॉइल हेल्थ कार्ड आहे ना भाऊ! त्या कार्डात पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त-लोह-तांबं-मँगनीज-बोरॉन असते, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम नसते. हे एनएबीएल (लॅबची गुणवत्ता तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला वेगळं सांगावं लागते, आणि गोडाऊनजवळची माती असेल तर कीटकनाशकाचे अंशही लिहून द्या.

साध्या वावरात ०-१५ सेंमी आणि १५-३० सेंमी असे दोन थर घ्या, पाच-सहा जागचे एकत्र मिसळले तरी चालते. पण संशयाच्या जागेची माती त्यात अजिबात मिसळू नका, चांगल्या मातीत खराब माती पातळ होते आणि रिपोर्ट मस्त सुंदर येतो. डिझेल सांडलेली माती प्लास्टिकमधे नाही, काचेच्या बरणीत गच्च भरून, झाकण लावून बर्फाच्या डब्यात ठेवा, वाळवायला तर मुळीच ठेवू नका. मी स्वतः एकदा माती जस्ताच्या बादलीत कालवली होती, रिपोर्टमधे जस्त इतकं आलं की साहेबांनी फोन करून विचारलं तिथं फॅक्टरी आहे का. तेव्हापासून प्लास्टिकचं टोपलं आणि स्टीलची खुरपी.

अजून एक, आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असू शकते. म्हणून रस्त्यापासून, उकिरड्यापासून लांब असलेल्या त्याच जातीच्या वावरातला एक सॅम्पल तुलनेला पाहिजेच, नाहीतर आकडा पाहून उगाच घाबराल.

हवेचं थोडं किचकट आहे. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, पीएम २.५ त्याहून बारीक, २.५ मायक्रॉनपर्यंतची. पीएम १० ची २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ची ६०, २००९ पासून हेच मानक आहे. पीएम १० मोजायचं मशीन हवा ओढून फिल्टरवर धूळ पकडते, मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढते, म्हणजे दिवसभरात जवळपास १,५८० घनमीटर, आणि तेवढ्या हवेतून फिल्टरवर ०.१६ ग्रॅम धूळ बसली की मर्यादा गाठलीच, चिमूटभरसुद्धा नाही! म्हणून फिल्टरला बोट लागलं तरी हिशोब बिघडतो. मशीन जमिनीपासून तीनेक मीटर वर ठेवा, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर, पण कोणाच्या चुलीच्या धुराड्याजवळ नाही. लाइन जातेच आपल्याकडे, तर मशीन किती तास चाललं ते मीटरवरून लिहा, आणि जनरेटर लावलात तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा मशीनकडून जनरेटरकडे जाईल असा, नाहीतर जनरेटरचाच धूर मोजून याल.

दिवस निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. पावसात मोजलं तर धूळ धुतलेली असते. हिवाळ्यात पहाटे धूर खालीच बसून राहते, आणि कपाशी निघाल्यावर लोक पऱ्हाट्या जाळतात तेव्हा तर आकडा फुगतो. आधीचा आकडा फुगला की नंतरचा कामाचा फुफाटा त्यात लपून जाते, हे कोणी मुद्दाम करू शकते म्हणून सांगतो. हिवाळा आणि उन्हाळा दोन्हीत मोजा, शेजारी काय जळत होतं ते वहीत लिहा, काठीला ओढणीची चिंधी बांधून वाऱ्याची दिशा पण लिहा. डांबर प्लांट किंवा क्रशर कुठं बसणार हे विचारून घ्या आणि त्याच्या वाऱ्याखाली येणाऱ्या वस्तीत एक मशीन ठेवाच. ऑनलाइन मिळणारं स्वस्त मीटर कल समजायला ठीक आहे, धुक्यात मात्र ते उगाच जास्त दाखवते.

माती घेताना पंचनामा करा, सरपंच, ठेकेदाराचा माणूस आणि दोन शेतकरी यांच्या सह्या घ्या. धातूच्या तपासणीच्या प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करा, अर्धा लॅबला, अर्धा सावलीत वाळवून, सील करून, तारीख टाकून पंचायतीच्या कपाटात, काम पूर्ण होऊन एक पावसाळा जाईपर्यंत.