बायपासनंतरची अँजिओग्राफी: या चुका टाळा

आमच्या अण्णांची बायपास 11 वर्षांपूर्वी पुण्यात झाली. यंदा पुन्हा छातीत दुखू लागलं आणि सोलापुरातच अँजिओग्राफी ठरली. डॉक्टरांनी विचारलं, "ग्राफ्ट किती आणि कुठे जोडलेत?" ग्राफ्ट म्हणजे अडथळा टाळून रक्त नेण्यासाठी बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. फाइल घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत!

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हृदयाच्या मूळ रक्तवाहिन्यांची तोंडं बहुधा ठरलेल्या जागी सापडतात. पायातली शीर काढून केलेले ग्राफ्ट मात्र सर्जनने महाधमनीवर जिथे जोडले, तिथे. कागद नसेल तर कॅथेटर (मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी) फिरवत शोधत बसावं लागतं. वेळ जातो, डाय (रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) जास्त लागतो, एक्स-रेही. त्यातून एखादा सापडला नाही, तर तो बंद पडलाय की नजरेतून सुटलाय, हेही नक्की सांगता येत नाही. डिस्चार्ज कार्डावर कित्येकदा नुसता आकडा असतो. हवी ती ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं याची सर्जनची नोंद. जुन्या अँजिओग्राफीची सीडीही घ्या. नोट हरवली असेल तर जिथे बायपास झाली तिथल्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा, पण तारीख ठरायच्या आधी. आमचा भाचा भर उन्हात गाडी दामटत घरी गेला, म्हणून निभावलं.

"उजव्याच हातातून करा" असा हट्ट नको. छातीतली डावी धमनी ग्राफ्टला वापरली असेल, तर डाव्या मनगटातून तिथे पोचणं सोपं. पण त्याच हाताची धमनी बायपासला काढली असेल तर तो रस्ता बंद. मग दुसरा हात किंवा जांघ. हातावर लांब व्रण असेल तर आधीच दाखवा.

गोळ्यांबाबत स्वतःची अक्कल चालवू नका. ॲस्पिरिन परस्पर बंद करायची नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर सांगा. किडनी कमजोर असेल तर ती थांबवून तपासणीनंतर साधारण 48 तासांनी, क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) बघून पुन्हा सुरू करतात. "उपाशी या" म्हटलं की आपली माणसं आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा सोडतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे किडनीला जड जातं. पाणी कधीपर्यंत चालेल आणि नंतर किती प्यायचं, हे विचारून घ्या. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर भरमसाट पाणीही नको.

घरी आल्यावर अण्णा दुसऱ्याच दिवशी, ज्या मनगटातून अँजिओग्राफी झाली त्याच हाताने, पाण्याची बादली उचलायला निघाले. मनगटातून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि थेट दवाखाना गाठा. जांघेतून केलं असेल आणि तिथे गाठ फुगू लागली, तर झोपवून दाबून धरा आणि लगेच 108 ला फोन करा.