ब्लॅकजॅकची बेसिक स्ट्रॅटेजी पाठ होत नाहीये? या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला आमच्या घरी ब्लॅकजॅकचा डाव बसतो: पानांची बेरीज 21 च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायची, एक्का 11 किंवा 1. पैशांऐवजी खारे शेंगदाणे. (महाराष्ट्रात कसिनो नाहीच. 1976 चा कसिनो कायदा कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला.) मी डीलर, मेहुणा खेळाडू. त्याने बेसिक स्ट्रॅटेजीचा, म्हणजे आपल्या कुठल्या हाताला डीलरच्या कुठल्या पानासमोर काय करायचं याचा, रंगीत तक्ता फ्रिजवर चिकटवून आठवडाभर घोकला होता. पहिल्याच डावात त्याला एक्का-छक्की आली, माझी पंजी उघडी, आणि हा म्हणतो, "सतरा झाले दाजी, बस!"

तक्त्यात तिथे डबल आहे, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पान घ्यायचं. तक्ता त्याला येत होता, फ्रिजसमोर उभं केलं तर घडाघडा म्हणूनही दाखवला असता. पण पानं तक्त्याच्या क्रमाने येत नाहीत.

पाढ्यांसारखं पाठांतर

बहुतेक जण आपल्या बेरजेपासून सुरुवात करतात: बाराला असं, तेराला तसं. मग मधलाच प्रश्न आला की मनात बारापासून मोजत यावं लागतं. त्यापेक्षा डीलरचं उघडं पान धरून उभं पाठ करा. डीलरची पानं दहाच प्रकारची, कारण दश्शी, गुलाम, राणी, राजा सगळे दहाच.

माझं ऑफिस ठाण्यात. कोपरखैरणे ते ठाणे लोकलने पाच टप्पे, म्हणून सकाळी डीलरची कमजोर पानं घेतो: घणसोलीपर्यंत दुर्री, रबाळ्यापर्यंत तिर्री, ऐरोलीपर्यंत चौकी, दिघा गावापर्यंत पंजी, ठाण्यापर्यंत छक्की. येताना सत्ती, अठ्ठी, नव्वी, दहा, एक्का. रबाळे ते ऐरोली मनात एवढंच चालतं: समोर चौकी, म्हणजे 12 ते 16 वर थांबायचं, 9, 10, 11 ला डबल, एक्क्यासोबत 4 ते 7 असेल तर डबल, 2 किंवा 3 असेल तर नुसतं पान. जोड्या सगळ्या फोडायच्या (एकाचे दोन हात करून दोन्हींवर पैज), फक्त चौकी, पंजी आणि दहाची सोडून. पंजीच्या जोडीला 10 समजून डबल, चौकीच्या जोडीला पान, दहाच्या जोडीला हात लावायचा नाही. एका स्टेशनात होतं. दाराशी उभं राहावं लागलं तरी होतं.

नुसता कॅट पिसून सराव

सरावात सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. 52 पानांच्या कॅटमधून दोन पानं ओढली तर जोडी सरासरी 17 वेळांतून एकदाच येते. एक्का आणि 2 ते 9 मधलं पान साधारण दहातून एकदा. म्हणजे तासभर पानं वाटलीत तरी जिथे चुकता ते हात मोजकेच येतात आणि 14, 15, 17 मात्र घोटून घोटून पक्के होतात, जे आधीच येत होते.

उपाय अगदी घरगुती. कॅटमधून एक एक्का काढून समोर कायमचा ठेवा. त्यावर 2 ते 9 ची पानं पिसून एकेक टाका आणि डीलरचं पान वेगळ्या गड्डीतून उघडा. दहा मिनिटांत शंभरेक हात होतात. मेहुण्याला मी असंच बसवलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की एक्का-छक्कीवर कधीच थांबत नाहीत: समोर 3 ते 6 असेल तर डबल, नाहीतर पान. एक्का गरज पडली तर 1 होतो, त्यामुळे एका पानाने 21 च्या वर जाण्याची भीतीच नाही.

एक्का-सत्ती त्याहून अवघड. 18 हातात असताना समोर 9, 10 किंवा एक्का असेल तर पान घ्यायचं, हे मलाही पचायला महिना लागला. 3 ते 6 ला डबल, 2, 7, 8 ला थांबा. आणि हेच 18 तीन पानांचं असेल, समजा एक्का-तिर्री-चौकी, तर डबल करता येत नाही, म्हणून 3 ते 6 समोरही थांबायचं. दोनच पानं दाखवणाऱ्या ॲपवर शिकलेले इथे हमखास अडखळतात.

डावाच्या निकालावरून शिकणं

16 वर पान मागितलं, राणी आली, उडालो. पुढच्या वेळी थांबतो. असं करू नका. 16 वर 13 पैकी 8 प्रकारची पानं उडवतात, ते ठरलेलंच आहे. समोर दहा असेल तर थांबा किंवा मागा, तोटा जवळजवळ सारखाच, म्हणून थांबणाऱ्याला आपलं बरोबर वाटत राहतं. मग तीच सवय तो समोर सत्ती असताना लावतो, आणि तिथे शंभर दाण्यांमागे सुमारे सहा दाणे जास्तीचे जातात. 12 चंही तसंच. त्यावर 13 पैकी 4 च प्रकार उडवतात, म्हणून समोर दुर्री किंवा तिर्री असेल तर पान घ्यायचं. थांबायचं फक्त 4, 5, 6 ला.

हे आकडे कुणाच्या अनुभवातून आलेले नाहीत. अमेरिकन लष्करातल्या चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर ते काढून 1956 मध्ये छापले. आपल्या दोन रविवारांनी ते बदलत नाहीत.

तीनपत्तीची सवयही इथे नडते. मेहुणा माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. अरे, डीलरला निवड कुठे आहे? 16 पर्यंत घ्यायचं, 17 ला थांबायचं. तोंड बघून काय मिळणार!

दोन तक्त्यांची खिचडी

वर दिलेले नियम चार ते आठ कॅट, डीलर प्रत्येक 17 वर थांबतो आणि फोडलेल्या जोडीवर डबल चालतं, अशा टेबलाचे आहेत. डीलर एक्क्याच्या (एक्का 11 धरून झालेल्या) 17 वर पान घेत असेल तर थोडं बदलतं: 11 ला एक्क्यासमोरही डबल, एक्का-सत्तीला दुर्रीसमोर डबल. डीलर दुसरं पान शेवटी घेत असेल तर 10 किंवा एक्क्यासमोर अठ्ठीची जोडी फोडायची नाही. एक तक्ता धरा, तो पक्का करा, मग दुसरा.

इन्शुरन्स (डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच 21, लागेल यावरची वेगळी पैज) तर कुठल्याच तक्त्यात नाही. आणि ब्लॅकजॅकला शंभरावर 150 ऐवजी 120 देणारं टेबल असेल तर पाठांतराचा फायदा तिथेच बुडतो. चांगल्या टेबलावर बिनचूक खेळूनही डीलरच सुमारे अर्धा टक्का पुढे असतो.

मागच्या रविवारी मेहुण्याला एक्का-सत्ती आली, माझी नव्वी. थोडं थांबून त्याने पान मागितलं. पंजी. झाले 13. पुन्हा मागितलं. राजा.

"दाजी, हे तुमचं गणित?"

"बरोबर खेळलास. दाणे इकडे सरकव."