थंड पाणी अंगावर पडताच धाप लागते? मला लागू पडलेला क्रम

पुण्यातल्या डिसेंबरात टाकीचं पाणी अंगावर घेतलं की पहिल्याच तांब्याला छाती आवळायची, तोंडाने धापा सुरू व्हायच्या.

श्वास रोखून पाणी ओतलं, तर सोडताना धाप आणखी वाढायची. थंडी सोसण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या विम हॉफ या डच माणसाच्या पद्धतीचे जलद श्वास आधी घेतले, तर बोटांना मुंग्या आणि डोकं हलकं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याचा हा परिणाम. हे श्वास पाण्यात किंवा उभ्याने अजिबात घेऊ नका, शुद्ध हरपू शकते. वैतागून गीझर लावणारच होतो.

उपयोग झाला तो असा. कोरड्या अंगाने स्टुलावर बसायचं. नाकाने चार मोजत श्वास आत, आठ मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. मग पाणी आधी पावलांवर, पोटऱ्यांवर, मांड्यांवर. नंतर हात कोपरापर्यंत, चेहरा, खांदे. छाती आणि पाठ त्यानंतर. प्रत्येक तांब्या श्वास सोडतानाच ओतायचा. माझ्या मते सगळा फरक इथेच पडला.

छातीवर पाणी पडलं की थांबायचं, ओठांचा चंबू करून फू करत हवा सोडायची. त्वचा अचानक गार पडल्याने येणारी ही धाप पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असते, दोन-तीन मिनिटांत ओसरते. रोजच्या सरावाने ती कमी होत जाते.

हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डोक्यावरून पाणी सर्वांत शेवटी, आणि लगेच टॉवेल.