लिफ्टर उडवायचा तर आधी अंतर जुळवा

लिफ्टर म्हणजे तार आणि फॉइल यांच्यात हजारो व्होल्ट देऊन सुटणाऱ्या आयनांच्या (चार्ज असलेल्या कणांच्या) वाऱ्यावर उचलला जाणारा हलका त्रिकोणी सांगाडा. तो उडाला नाही की बहुतेक जण व्होल्टेज वाढवायला धावतात. खरं तर आधी तपासायचं ते तार आणि फॉइल यांच्यातलं अंतर. एका जागी ते २ मिमीने कमी असलं तरी तिथेच ठिणगी पडते आणि उचल जाते.

सांगाड्यासाठी बाल्सा या अगदी हलक्या लाकडाच्या २ × २ मिमी काड्या घ्या. त्रिकोणाची बाजू २० सेमी, उभे खांब ८ सेमी. खालच्या ५ सेमीवर स्वयंपाकघरातलं साधं फॉइल ताणून लावा आणि त्याची वरची कड काडीवरून गोल वळवून घ्या. खांबांच्या टोकांवर, फॉइलच्या कडेपासून बरोबर ३० मिमीवर, तार फिरवा. रिबन केबल (चपटी, अनेक तारांची केबल) सोलली की आत ०.१२७ मिमीच्या तारा मिळतात, त्यांतली एक पुरते. एनॅमलची वाइंडिंग तार नको, लेप राहिला तर आयन नीट सुटत नाहीत. सगळं मिळून वजन २.५ ग्रॅमच्या आत ठेवा. गोंदाचा थेंबही इथे जड पडतो.

तारेला धन टोक, फॉइलला ऋण टोक आणि अर्थिंग. उलट जोडलं तरी वारा सुटतो, पण ओझोन बराच जास्त होतो. खिडक्या उघड्या हव्यातच.

सप्लाय २५ किलोव्होल्टचा, करंट १ मिलिअँपिअरच्या आत मर्यादित असलेला तयार घ्या. बाकीचं सुटं सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबापाशी मिळतं. जुना मॉनिटर उघडून फ्लायबॅक (त्यातला हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) काढू नका, पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर तर फुकट मिळाला तरी नको: दाब २ हजार व्होल्टच्या आसपास, पण करंट जीव घेण्याइतका. धन तारेत हाय-व्होल्टेजचा १ मेगाओहम रेझिस्टर टाका. सप्लाय बंद केल्यावर पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधलेली अर्थची तार धन टोकाला टेकवा, मगच हात लावा. एकट्याने प्रयोग करू नका. लिफ्टर १५ सेमी लांबीच्या तीन नायलॉन दोऱ्यांनी टेबलाला बांधा.

साधा मल्टीमीटर २५ किलोव्होल्टला लावला तर जळेल. त्याऐवजी करंट मोजा: फॉइल आणि अर्थ केलेलं ऋण टोक यांच्यात १ किलोओहम रेझिस्टर घाला आणि सप्लाय चालू करण्यापूर्वीच मीटर त्याच्या दोन टोकांना जोडून ठेवा. ०.३ व्होल्ट दिसले म्हणजे करंट ०.३ मिलिअँपिअर. ३० मिमी अंतराला एवढ्या करंटमधून हिशेबाने साधारण साडेचार ग्रॅम उचल निघते. हातात पडते त्याहून कमी.

करंट चांगला आहे, तरी उचल नाही? खोलीत अंधार करून लांबून पाहा. तारेभोवती जांभळट प्रकाश सलग दिसायला हवा. फॉइलच्या कडेवरही ठिपके चमकत असतील तर तिथे सुरकुती किंवा टोक आहे: त्यातून उलट आयन सुटतात आणि वारा मारतात. सप्लाय बंद करून, अर्थ टेकवून, ती जागा चमच्याच्या पाठीने घोटा. तार थरथरत असेल तर ती सैल आहे.

पावसाळ्यात बाल्सा ओल धरतो आणि करंट खांबांवरून गळतो. हेअर ड्रायरने सुकवून लगेच चालवा. पुण्यात एप्रिलची कोरडी दुपार यासाठी सगळ्यात चांगली.