जुन्या फोटोतले युद्धविमान ओळखताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोमागे पेन्सिलीने ‘स्पिटफायर, १९४३’ असे लिहिलेले असले, की शोध तिथेच थांबतो. असल्या ओळी पुष्कळदा नंतर, आठवणीवरून लिहिलेल्या असतात. तेव्हा ती ओळ आधी झाका. विमान कोणते हे त्याची घडण सांगते. कोणाचे आणि कधीचे हे रंग सांगतो. क्रम उलटला की घोटाळा होतो.

मोबाइलने काढलेल्या फोटोवर विसंबू नका. प्रिंट १२०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा, फाइल टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइल-प्रकार) ठेवा, मागची बाजूही घ्या. एआयने ‘स्वच्छ’ केलेली प्रत मात्र पुरावा म्हणून बाद. ते सॉफ्टवेअर रिव्हेट आणि अक्षरे आपल्या मनाने भरते.

निगेटिव्ह उलटी तर नाही?

विमानावरची अक्षरे उलटी दिसली तर कळतेच. पण ए, एच, एम, ओ, टी ही अक्षरे आरशातही तशीच दिसतात. अशा वेळी विमानाच्या एकाच बाजूला असणारी खूण शोधा. ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरमध्ये चढायचे दार वैमानिकाच्या डाव्या हाताला असते. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या नाकाला सुपरचार्जरची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) हवा घेणारे तोंडही डावीकडेच. ते उजवीकडे दिसले तर आधी फोटो पलटवा.

इंजिन पाहताना

गोल नाक म्हणजे रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेले) इंजिन, हा सर्वांत महागात पडणारा अंदाज. युंकर्स ८८ ए आणि फोके-वुल्फ १९० डी या जर्मन विमानांची इंजिने सरळ रांगेतल्या सिलिंडरांची, पण पुढे गोल कड्यासारखा रेडिएटर. लांबून फसगत ठरलेली.

एक्झॉस्टच्या नळ्या किती उंचीवर आहेत, हे मात्र नेमके बोलते. १०९ चे डाइमलर-बेंझ इंजिन उलटे बसवलेले, म्हणून नळ्या नाकाच्या खालच्या भागात. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन सुलटे, म्हणून नळ्या वर. जर्मन क्रूस रंगवलेल्या १०९ च्या नळ्या वर दिसल्या, तर ते युद्धानंतर स्पेनमध्ये बनलेले, मर्लिन बसवलेले विमान असण्याचीच शक्यता जास्त. चित्रपटांसाठी अशी विमाने वापरली गेली आहेत.

स्पिटफायरच्या मार्क ५ ला (‘मार्क’ म्हणजे आवृत्ती) उजव्या पंखाखाली रेडिएटरचा मोठा खोका आणि डावीकडे तेल थंड करणारी बारीक नळी असते. मार्क ९ ला दोन्हीकडे सारखे खोके. पंख्याची पाती मोजायला जाऊ नका. इंजिन चालू असेल तर ती फोटोत पुसट होतात.

काळ्या-पांढऱ्यातले रंग

ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही. तिच्यावर लाल जवळजवळ काळा, पिवळाही गडद आणि निळा फिका उमटतो. ब्रिटिश रंगचक्राचे (विमानावरचे गोल राष्ट्रचिन्ह) बाहेरचे पिवळे कडे गडद कॅमोफ्लाजमध्ये विरून जाते आणि बघणारा म्हणतो, कडे नाहीच! एकच रंग दोन फोटोंत वेगळा दिसला तर आधी फिल्मचा विचार करा, विमान वेगळे ठरवायची घाई नको.

अमेरिकी विमानांवरचा तारा तारीख ठरवायला उत्तम. मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढायचा आदेश निघाला. जून १९४३ च्या अखेरीस दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि लाल काठ आले; काही महिन्यांतच काठ निळा झाला. अर्थात आदेश निघाला त्याच दिवशी प्रत्येक विमान रंगले नाही, म्हणून थोडी सूट ठेवा.

नॉर्मंडीच्या स्वारीसाठी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे रंगवले होते, म्हणून ते दिसताच ‘नॉर्मंडी, जून १९४४’ लिहून मोकळे होणारे पुष्कळ. पण ब्रिटिश टायफूनच्या पंखांखाली तसे पट्टे त्याआधीपासून होते. कारण हे विमान जर्मन फोके-वुल्फ समजून ब्रिटिशांचेच तोफखाने पाडत होते.

अक्षरे आणि आकडे

धडावरची मोठी अक्षरे स्क्वाड्रनची (विमानांची तुकडी) आणि तिच्यातल्या विमानाची. विमान पडले की तेच अक्षर नव्याला मिळे, म्हणून त्यावरून एकच विमान पक्के होत नाही. ते होते सीरियल नंबरवरून. अमेरिकी शेपटीवर वर्षाचा पहिला आकडा गाळलेला असतो: २३१९०९ म्हणजे ४२-३१९०९. जागा कोरी दिसली तरी नंबर नव्हताच असे समजू नका. सेन्सॉर तो निगेटिव्हवरच खरवडून टाकत.

स्पिटफायरचे उशिराचे मार्क ९ आणि मार्क १६ बाहेरून वेगळे काढता येत नाहीत. सीरियल नंबर वाचता येत नसेल, तर नोंदीत ‘मार्क ९ किंवा १६’ असेच लिहा.