अफिलिएट मार्केटिंग आणि अमेरिकेतला सेल्स टॅक्स: या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी सांभाळून अफिलिएट साइट (दुसऱ्याच्या दुकानाच्या लिंक द्यायच्या, त्यावरून विक्री झाली की कमिशन मिळतं) चालवणारी आपली मंडळी बरीच आहेत, त्यातल्या काहींचे हिशेब माझ्याकडे असतात आणि दर वर्षी टॅक्स सीझनला तेच घोळ समोर येतात, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

पहिली चूक म्हणजे जुने लेख वाचून घाबरणं. "माझ्या लिंकवरून १०,००० डॉलरच्या वर विक्री झाली, मला सेल्स टॅक्ससाठी रजिस्टर व्हावं लागेल का?" हा प्रश्न अजून येतो. अहो, ती मर्यादा तुमच्यासाठी कधीच नव्हती. अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या क्विल निकालाप्रमाणे दुकानाचं राज्यात ऑफिस, गोडाऊन, माणसं असं काही असेल तरच त्याला टॅक्स गोळा करायची सक्ती करता यायची. २००८ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला की राज्यातले अफिलिएट म्हणजे दुकानाचीच माणसं, आणि त्यांच्यामार्फत वर्षाला १०,००० डॉलरच्या वर विक्री झाली की टॅक्स गोळा करायचा दुकानाने. बाकीची राज्यं मागोमाग निघाली तेव्हा ॲमेझॉनने सरळ त्या त्या राज्यातले अफिलिएटच काढून टाकले, २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड, २०११ मध्ये इलिनॉय आणि कॅलिफोर्निया. एकाच प्रोग्रामवर सगळी साइट उभी केलेल्यांची कमाई तिथेच थांबली. म्हणून एकाच दुकानाच्या लिंकवर राहू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, कंटाळा येईपर्यंत सांगतो.

सुप्रीम कोर्टाच्याच २०१८ च्या वेफेअर निकालाने हे सगळं बदललं. आता दुकानाची त्या राज्यातली स्वतःची विक्री किती ते बघतात. साउथ डकोटात मर्यादा १,००,००० डॉलर, कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये ५,००,०००. अफिलिएट कुठे राहतो याला आता फारसं महत्त्व उरलं नाही. तरी लोक कुठलातरी व्हिडिओ बघून फी भरून डेलावेअर राज्यात एलएलसी (एक प्रकारची कंपनी) काढतात, "तिथे सेल्स टॅक्स नाही ना!" जो टॅक्स तुम्हाला लागतच नाही तो वाचवायला पैसे कशाला घालवायचे? पण वाचायची तयारी नाही, शॉर्टकट पाहिजे.

कमिशनवर बहुतेक राज्यांत सेल्स टॅक्स नाही, इन्कम टॅक्स मात्र आहे. हवाई आणि न्यू मेक्सिको वेगळी, तिथला कर धंद्याच्या एकूण जमेवर असतो आणि कमिशन त्यात धरतात. तिथे राहत असाल तर स्थानिक सीपीएला (म्हणजे तिथल्या सीएला) विचारा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. न्यू जर्सीतल्या एक ताई, स्वयंपाकघरातल्या वस्तूंची छान साइट, अफिलिएट कमिशन नियमित येत होतं. मग त्यांनी भारतातून स्टीलचे मसाल्याचे डबे मागवून त्याच साइटवर स्वतः विकायला सुरुवात केली, बेसमेंटमधून पॅकिंग, जोरात चाललं. टॅक्स गोळा केला नाही, कारण डोक्यात पक्कं बसलेलं की "मी अफिलिएट आहे, टॅक्स दुकान बघतं." पण आता दुकान त्याच होत्या! माल राज्यातच ठेवलेला असला की १,००,००० वगैरे मर्यादा लागू होत नाही, राज्यातल्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या डब्यापासून टॅक्स. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. मसाल्यावर नाही, तो खाण्याचा पदार्थ, पण डब्यावर आहे, आणि डबा पाठवायच्या शिपिंगवरसुद्धा. राज्याचं पत्र आल्यावर त्या माझ्याकडे आल्या. पत्र यायच्या आधी स्वतःहून गेलं तर व्हॉलंटरी डिस्क्लोजरमध्ये दंडातून सूट मिळू शकते, पत्र आल्यावर तो दरवाजा बंद. जुन्या गिऱ्हाइकांकडे आता टॅक्स कसा मागणार, सगळा खिशातून गेला, वर व्याज आणि दंड. खूप वाईट वाटलं मला, कष्टाळू बाई.

म्हणून माझी सवय अशी की क्लायंटच्या साइटवर "बाय नाऊ"चं बटण दिसलं की मी आधी विचारतो, पैसे कोणाच्या खात्यात पडतात? तुमच्या खात्यात पडत असतील तर विक्री सुरू करायच्या आधी राज्यात रजिस्ट्रेशन. आणि गोळा केलेला टॅक्स वेगळ्या बँक खात्यात ठेवा, तो तुमचा पैसा नाही.

बाकीच्या छोट्या गोष्टी. रिव्ह्यूसाठी वस्तू घेताना रीसेल सर्टिफिकेट (पुढे विकायचा माल टॅक्स न भरता घ्यायचा कागद) वापरू नका, ती वस्तू तुम्ही विकणार नाही आहात. दुसऱ्या राज्यातून टॅक्स न भरता घेतलेल्या वस्तूवर यूज टॅक्स लागतो, तो तुम्हीच भरायचा. कमिशनचा अंदाज कार्टच्या टोटलवर काढू नका, ॲमेझॉन टॅक्स आणि शिपिंग वगळून मोजतं.

पुण्या-नाशकात बसून अमेरिकन प्रोग्राम चालवणाऱ्यांनी कमिशनपुरतं या राज्यांच्या सेल्स टॅक्सचं टेन्शन घेऊ नये, डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा टॅक्सचा फॉर्म) नीट भरा आणि जीएसटीचं सीएला विचारा.

आणि जुन्या पोस्टमधलं "ॲमेझॉनवर घ्या, टॅक्स लागत नाही" हे वाक्य आजच काढा. एप्रिल २०१७ पासून ॲमेझॉन सेल्स टॅक्स असलेल्या प्रत्येक राज्यात तो लावतं, आणि चेकआउटला वेगळाच आकडा दिसला की वाचणारा तुमच्या पुढच्या लिंकवर क्लिक करत नाही.